काळजीवाहू सरकार

नागपूरहून निघालेल्या एसटीत एखादा चाळिशीचा गृहस्थ मोबाइल कानाशी धरून, दबक्या आवाजात ‘नाही बाबा, खिडकीबाहेर हात नाही काढला’ असं सांगत असेल, तर तो सौंदडला उतरणार हे खुशाल धरून चालावं. पहिला फोन भंडाऱ्याला, दुसरा लाखनीला. साकोली मागे पडली की फोन येत नाही, कारण तोवर गुरुजी स्वतःच हायवेवर येऊन उभे असतात. हातात छत्री. दिवाळीतसुद्धा.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. ते सरकारला जमलं. गुरुजींच्या घरातून मुलगा वेगळा काढणं मात्र अजून कोणाच्या बापाला जमलेलं नाही. हा मुलगा नागपुरात बँकेत अधिकारी आहे. लोकांची कर्जं मंजूर करतो. त्याच्या फ्लॅटच्या भिंतींना कोणता रंग द्यायचा, याची मंजुरी सौंदडहून येते.

घरातली कामं वाटलेली आहेत. हुकूम गुरुजींनी सोडायचा, आजारी बाईंनी पडायचं. मुलाने एकदा पुण्याच्या बदलीला होकार दिला, त्या रात्री बाईंचं बीपी चढलं. ते खाली आलं बदली रद्द झाल्यावरच. एरवी दोघांचं एकमेकांशी पटत नाही. नातवाला स्वेटर घालायचा की मफलर बांधायचा, यावर दोन दिवस वाद चालतो आणि नातू दोन्ही घालून घामाघूम होऊन हिंडतो. गावातली पोरं या जोडीला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतात. खरं काळजीवाहू सरकार मोठे निर्णय घेत नाही आणि यथावकाश जातं, एवढाच फरक.

टीव्हीवरचे असे आईबाप मी बरेच पाहिलेत. 2004 साली आलेल्या ‘साराभाई वर्सेस साराभाई’मधली रत्ना पाठक शाह यांची माया सुनेला उभी सोलायची, पण तिला त्यासाठी भारी साडी, उंची दिवाणखाना आणि अर्धं वाक्य इंग्रजी लागायचं. आमच्या बाईंचं दोन शब्दांत भागतं. दिवाळीनंतर नव्या धानाचा तांदूळ पोत्याने नागपूरला निघतो. सून म्हणते, “आई, मागचंच पोतं अजून फुटलं नाही.” बाई म्हणतात, “असू दे.” त्या ‘असू दे’मध्ये सुनेचा स्वयंपाक, तिचं माहेर आणि मुलाची उतरलेली तब्येत, सगळं येतं. विनोदी मालिका लिहिणाऱ्यांना हे कळत नाही. ते आईबापांना ओरडायला लावतात. ओरडणाऱ्याला उलट बोलता येतं हो. ताटात न विचारता तिसऱ्यांदा भात वाढणाऱ्याला काय बोलणार?

पण सरकारचा खरा कारभार पाहावा तो मंडईच्या रात्री. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, वडशाच्या कंपन्यांची नाटकं लागतात आणि ती पहाटेपर्यंत चालतात. यंदा शेजारच्या गावी सरकार सहकुटुंब पहिल्या रांगेत होतं. रंगमंचावर सासू सुनेला छळत होती. बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “काय मेली बाई हाये! त्या पोरीला जरा श्वास तं घेऊ दे!” आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या सुनेच्या डोक्यावरून शाल ओढली.

“आई, गरम होऊन रायलं.”

“असू दे.”

गुरुजींचं दुःख वेगळं होतं. नाटकातला बाप त्यांना ढिला वाटला. दुसरा अंक पडताच ते उठले आणि थेट पडद्यामागे गेले. बापाचं काम करणारा नट मिशी हातात धरून चहा पीत होता.

“का गा, पोरगा रडला का लगेच माफ? मंग उद्या तो तुला पुसल काहून?”

“पण गुरुजी, लिवलंच तसं हाये.”

“लिवणाऱ्याला पोरं हायेत का, ते पुसलं का तू?”

नटाने मिशी चिकटवली आणि मान खाली घातली. माणूस किती का मोठा नट असेना, निवृत्त मुख्याध्यापकासमोर तो चौथीतच असतो.

तिसऱ्या अंकात मुलाने धावत येऊन बापाचे पाय धरले. आता बापाने त्याला उठवून छातीशी धरायचं होतं. बापाने पहिल्या रांगेकडे पाहिलं. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. बाप ताठ उभा. ऑर्गनवाल्याने समेटाची सुरावट धरली, सोडली, पुन्हा धरली. विंगेतून प्रॉम्प्टर ‘ऊठ बाळा, ऊठ बाळा’ म्हणून घसा फोडत होता. ते आमच्या रांगेपर्यंत ऐकू आलं, बापाला तेवढं आलं नाही. मुलगा पालथा पडून वाट पाहत राहिला.

“आता कसा बाप शोभते!” गुरुजी म्हणाले आणि बाजूला वळले. “तू काहून हसून रायला गा? पाय खाली घे, मुंग्या येतीन.”

बँकेच्या अधिकाऱ्याने पाय खाली घेतले.