मुदतबंद जीवरक्षक

‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’, म्हणजे रानातला प्रथमोपचारक, होण्यासाठी दहाएक दिवस, जवळपास ऐंशी तास घाम गाळला. झोपायच्या मॅटने मोडका पाय बांधायला शिकलो. कोर्सात रानाची व्याख्या मोठी नेमकी: पुरते उपचार तासाभराहून लांब, ते रान. (या हिशेबाने जव्हार-मोखाड्याचे कित्येक पाडे अख्खे अभ्यासक्रमातच राहतात. तिथं अडलेल्या बाईला डोलीत घालून ओढा ओलांडणाऱ्यांना प्रमाणपत्र कोण विचारतो?) माझं प्रमाणपत्र मात्र दर दोन वर्षांनी शिळं होतं, ताजं करायला पुन्हा तीन दिवस, पुन्हा फी, पुन्हा तोच रबरी पुतळा. तो अजून शुद्धीवर आलेला नाही. सह्याद्रीत माझ्यासोबत येणार असाल, तर पाय मोडायचा तो 31 मार्चच्या आत मोडा.