नाझरसाहेब विरुद्ध ढेकूण वगैरे

राजापेठेपासून बडनेऱ्याच्या वाटेवर दुतर्फा ज्या चारमजली फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, त्यांतील प्रत्येकीत काही बिनपगारी अधिकारी आपोआप उत्पन्न होतात. पाण्याची मोटर केव्हा चालू करावी आणि केव्हा बंद करावी यावर हुकमत गाजविणारे एक गृहस्थ असतात. गणपतीची वर्गणी आणि तिचा हिशेब, त्यातही मुख्यत्वे वर्गणी, यांच्याशी तादात्म्य पावलेले दुसरे असतात. कोणाची गाडी कोणाच्या जागेत उभी आहे, एवढ्या एका जिज्ञासेवर वार्धक्य सुखाने कंठणारे तिसरे असतात. परंतु या सर्व खात्यांहून जुने, व्यापक आणि अविश्रांत असे जे खाते, ते भाडे न देता राहणाऱ्या सूक्ष्म व अर्धसूक्ष्म रहिवाशांच्या बंदोबस्ताचे. आणि ते चालविणारा गृहस्थ मी ज्या ज्या इमारतीत राहिलो, त्या त्या इमारतीत मला एकाच ठशाचा भेटला.

आमच्या स्कीममध्ये हे खाते नाझरसाहेबांकडे आहे. जिल्हा न्यायालयाच्या नाझर कचेरीत ज्यांची हयात गेली, समन्सांची बजावणी, जंगम मालाची जप्ती, स्थावराचा ताबा आणि बेलिफांच्या भत्त्यांची बिले यांखेरीज ज्यांना जगात अन्य व्यवहार ठाऊक नाही, अशा गृहस्थास नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त करून सरकारने त्यांच्या हातातील वॉरंट तेवढे काढून घेतले. अंगात मुरलेली बजावणी काढून घेण्याची तरतूद कोणत्याच सेवानियमात नसावी. निवृत्तीनंतरचे काही दिवस त्यांनी अंबादेवीच्या दर्शनात आणि वर्तमानपत्राच्या वाचनात घालविले, आणि मग एके रात्री दिवाणावर आडवे झाले असता डाव्या दंडावर ओळीने उठलेल्या तीन लाल चट्ट्यांनी त्यांना पुन्हा सेवेत रुजू करून घेतले.

सकाळी आठाच्या सुमारास ते पाहणीस निघतात. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, डाव्या काखेत लाल फडक्यात बांधलेले दप्तर, उजव्या हातात टॉर्च आणि वरच्या खिशात जुन्या लग्नपत्रिकेची कापलेली एक जाड पट्टी. ही पट्टी त्यांचे मुख्य आयुध. पलंगाच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, विजेच्या बोर्डामागच्या फटीत ती हळुवारपणे सरकवायची, बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात धरायची, आणि तिच्यावर सुईच्या अग्राएवढे काळे डाग दिसले की ‘कब्जा आहे’ एवढे दोनच शब्द उच्चारून दप्तराची गाठ सोडायची. आजारी माणसास पाहावयास गेले तरी ज्वराची विचारपूस करण्यापूर्वी ही पट्टी रुग्णाच्या उशाशी एक फेरी मारून येते. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला पाहण्यासाठी मंडळी यायची होती, तेव्हा आदल्या दिवशी त्यांनी सोफ्याची तपासणी करून तो आतल्या खोलीत हलवावयास लावला आणि बैठकीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडविल्या; ते लग्न जमले ते पत्रिकेमुळे नव्हे, खुर्च्यांमुळे, असे त्यांचे आजही ठाम मत आहे.

न्यायखात्यात आयुष्य गेल्यामुळे जीवसृष्टीचे वर्गीकरणही त्यांनी प्राणिशास्त्राच्या नव्हे, तर अधिकारक्षेत्राच्या पायावर केले आहे. त्यांच्या मते उंदीर हा सरळसरळ फौजदारी मामला. तो रात्री घरफोडी करतो, माल लांबवितो, आणि सराईत गुन्हेगार तर तो आहेच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याच्या अंगावरील पिसवांनी असा अनर्थ मांडला की सरकारला १८९७ चा साथरोग कायदा करावा लागला, हे ते उंदराच्या वर्तणुकीच्या दाखल्यात न चुकता नमूद करतात. झुरळ म्हणजे अतिक्रमण. ते मोरीच्या जाळीतून येते, ओट्याखाली टपरी थाटते, आणि हटविले की पथकाची पाठ फिरण्यापूर्वी त्याच जागी हजर होते. त्याच्यासाठी बोरिक पावडर, साखर आणि कणीक यांच्या गोळ्या फटीफटीत ठेवणे, एवढी नोटीस त्यांना पुरेशी वाटते. वाळवी ही अफरातफर. चौकटीचा रंग शाबूत, कपाटाचे दार शाबूत, आणि आतली शिल्लक मात्र गायब. हा प्रकार उघडकीस येतो तो लेखापरीक्षणाच्या दिवशी, म्हणजे दार बिजागरीसकट हातात आल्यावर. डासांना ते हात लावीत नाहीत. तो विषय महानगरपालिकेच्या हद्दीतला, आणि दुसऱ्याच्या हद्दीत बजावणी करणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

ढेकूण मात्र दिवाणी; आणि नाझरसाहेबांची खरी विद्वत्ता प्रकट होते ती इथेच. ढेकूण घर फोडून येत नाही, सामानाबरोबर येतो. लग्नाहून परतलेल्या वळकटीतून, एस.टी.च्या आसनाखाली ठेवलेल्या पिशवीतून, जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या पलंगातून तो प्रवेश करतो, आणि एकदा आला की वंश वाढवून जागेवर हक्क सांगू लागतो. मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते. आमच्याकडच्या उकाड्यात ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात. पिलू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते, आणि प्रत्येक कात टाकण्यापूर्वी त्याला एक भोजन, अर्थात आपल्या खर्चाने, लागते. ते न मिळाल्यास कित्येक महिने उपोषणास बसण्याचीही त्याची तयारी असते. ‘१९६३ चा मुदतीचा कायदा काय म्हणतो?’ नाझरसाहेब गंभीरपणे विचारतात. ‘बारा वर्षे उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध वहिवाट केली, की मालकाचा दावा बुडाला. तुमच्या ब्लॉकात ढेकणांचे नववे वर्ष चालू आहे. आणखी तीन वर्षे गप्प बसाल, तर भाडे तुम्हाला द्यावे लागेल.’

त्यातून वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. लेकीच्या लग्नात गादी, बाळंतपणात गादी, आणि पाहुण्यांसाठी माळ्यावर आणखी चार गाद्या, असा इथल्या घराचा रिवाज. ज्या पांढऱ्या सोन्याने अमरावती आणि अकोल्याच्या बाजारपेठा उभ्या केल्या, ते ढेकणांच्या निवासाची सोय करण्यातही मागे राहिले नाही.

प्रतिपक्षाचा पूर्वेतिहास त्यांना मुखोद्गत आहे. पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली डी.डी.टी.चे कीटकनाशक सामर्थ्य ओळखले, आणि १९४८ साली त्यास त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पारितोषिक जाहीर होण्यापूर्वीच, १९४७ साली, पर्ल हार्बरच्या नौदल बराकींतील ढेकणांनी डी.डी.टी. पचवून दाखविले होते, हे सांगताना नाझरसाहेबांच्या मुद्रेवर विरुद्ध बाजूच्या निष्णात वकिलाविषयीचा आदर उमटतो. १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम निघाली. पुढे नाझरसाहेबांच्या बालपणीही फवारणीवाले घरोघर येऊन भिंतीवर तारीख लिहून जात. आरंभी डासांबरोबर ढेकूणही पडत. नंतर नंतर ते औषधाच्या वासाने चवताळून भरदिवसा भिंतीवर फिरू लागले, तेव्हा आजीने फवारणीवाल्यास माजघराच्या उंबऱ्याशीच अडविले होते, ही आठवण ते साक्षीपुराव्यादाखल सांगतात. त्यानंतर गॅमेक्झिनची पावडर आली, टिक-ट्वेंटीची बाटली आली, विषारी खडूच्या रेघा आल्या. ढेकूण प्रत्येकीच्या उत्तरकार्यास हजर राहिला.

एका बाबतीत मात्र नाझरसाहेब थट्टा खपवून घेत नाहीत. आमच्याकडे प्रत्येक ब्लॉकधारकाचा कोणी ना कोणी भाऊ वा मेहुणा शेती करतो, आणि कपाशीवर मारून उरलेली औषधाची बाटली ज्वारीच्या पोत्याबरोबर शहरात येऊन पोहोचते. उरलेच आहे, तर पलंगावर मारून पाहू, असा विचार मग कोणाच्या तरी मनात येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन उघड्या रानात, मोकळ्या हवेत शेतकरी आणि मजूर दगावले. तेच द्रव्य खिडक्या लावून दहा बाय दहाच्या खोलीत, लेकरू निजते त्या गादीवर शिंपडणे ही बजावणी नव्हे, मनुष्यवध होय, अशी सूचना त्यांनी जिन्यातील फलकावर कायमची लावून ठेवली आहे. अशी बाटली नजरेस पडली तर ते ती रीतसर पावती देऊन जप्त करतात.

परंतु खरा प्रतिवादी ढेकूण नव्हताच. अमरावतीत कोणाच्याही घरी ढेकूण नसतात. ते नेहमी वरच्या मजल्यावरून येतात, आणि वरच्या मजल्यावर चौकशी केल्यास खालून. ‘आमच्या इथं नाही बॉ! आमच्या घरी पहिल्यापासून सफाई. समोरच्याईच्या इथं पाहा, त्याईच्याकडं पाहुणे लय येतात,’ हा जबाब नाझरसाहेबांनी इतक्या दारांत नोंदविला, की पुढे पुढे ते फक्त ‘सदर’ एवढेच लिहू लागले. वास्तविक ढेकणाला केर नको, रक्त हवे, आणि ते स्वच्छ घरातही तितकेच ताजे मिळते. पण गाडगेबाबांची समाधी ज्या शहरात आहे, तिथे अस्वच्छतेचा ठपका आपण होऊन कोण पदरात घेईल? इकडे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने जिना, गच्ची आणि नळवाहिन्या यांत प्रत्येकास जो अविभाज्य हिस्सा दिला, त्याचा मनःपूर्वक उपभोग आजवर केवळ ढेकणांनी घेतला. एका ब्लॉकात फवारणी झाली, की तेथील मंडळी विजेच्या नळीतून शेजारी मुक्कामास जात, आणि शेजारी फवारणीचा वास आला, की मूळ गावी परतत.

फवारणी सर्व ब्लॉकांत एकाच दिवशी व्हावी, असा ठराव नाझरसाहेबांनी सभेपुढे ठेवला. ‘ज्याईच्या इथं आहे त्याईनं करावी, बाकीच्याईनं पैसे काहून द्यावे?’ या प्रश्नावर तो तहकूब झाला, आणि तहकूबच होत राहिला. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून जागतिक विक्रम झाला, तेव्हा आनंदाने पेढे वाटणाऱ्या आमच्या अध्यक्षांना नाझरसाहेबांनी एवढेच विचारले, की तितक्या वेळात आपला ठराव निदान पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाईल काय?

अखेर त्यांनी बजावणीचा मार्ग सोडून कबुलीचा धरला. पुढच्या वर्षी चैत्र सरता सरता जिन्यातील फलकावर त्यांच्या वळणदार अक्षरात कागद लागला: ‘ब्लॉक क्रमांक ७ मध्ये ढेकूण आहेत. कब्जेदार, खाली सही करणार. पाहणीची वेळ सकाळी ८ ते १०.’ नाझरीणबाईंनी तो वाचला आणि ‘अहो, माह्या माहेरापर्यंत नाव घातलं तुमी!’ म्हणून अबोला धरला. त्याच संध्याकाळी खाली गाड्यांच्या जागेत कोंडाळे जमले. नाझरसाहेबांनी कायद्याचे एकही कलम काढले नाही. ते बोंडअळीवर बोलले. गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हापासून अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगत आले आहे, की फरदड घेऊ नका. हंगाम संपल्यावरही एकाने पऱ्हाट्या उभ्या ठेवल्या, तर तिथे पोसलेली अळी पुढल्या साली साऱ्या शिवाराचा घास घेते. ‘ज्यानं गादी झाकून ठेवली, त्यानं फरदड ठेवली,’ ते म्हणाले, आणि दप्तर उचलून वर गेले. जमलेल्यांत वावर न पाहिलेला माणूस एकही नव्हता. कायदा जिथे पोहोचला नाही, तिथे फरदड पोहोचली.

रात्री दहानंतर सात नंबरच्या दारावर टकटक सुरू झाली. माणसे एकेकटी येत, जिन्यातला दिवा मालवून येत, आणि दबल्या आवाजात सांगत, ‘नाझरसाहेब, आमच्या इथं नाहीच, पण पोट्ट्याच्या पलंगाले जरासं पाहून घेता काय?’ दप्तरात ‘नाहीच, पण’ असा एक स्वतंत्र रकाना आखण्यात आला, आणि आठवडा संपण्यापूर्वी तो भरला. पुण्यास नोकरीला असलेल्या एका मालकाने बंद ब्लॉकाची किल्ली कुरिअरने पाठविली. सर्वांत शेवटी, पहाटे, अध्यक्ष आले.

वैशाखातल्या एका रविवारी, पारा पंचेचाळिसाच्या पुढे असताना, खाली प्रत्येक ब्लॉकात फवारणी चालू होती आणि वर गच्चीवर स्कीममधील यच्चयावत गाद्या काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या पडल्या होत्या. पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या उष्म्यात पुरेसा वेळ सापडला, तर ढेकूण अंड्यांसकट मरतो. पण एकच बाजू तापली, तर तो निमूटपणे दुसऱ्या बाजूला बिऱ्हाड हलवितो. म्हणून डोक्याला ओला पंचा बांधलेले नाझरसाहेब तासातासाने शिटी वाजवीत, आणि वकील, प्राध्यापक, कापसाचे अडते असे सारे मिळून एकमेकांच्या गाद्या उलटीत. कोणाच्या गादीला किती ठिगळे, कोणाच्या लेकराने कुठवर नकाशे काढले, हे सारे त्या उन्हात सर्वांसमक्ष उघड झाले. त्यानंतर सभेत कोणी कोणावर आवाज चढविल्याचे ऐकिवात नाही. पंधरा दिवसांनी अंड्यांतून निघालेल्या वारसांसाठी दुसरी फवारणी झाली, आणि तिची वर्गणी मागावी लागली नाही.

ही मोहीम फत्ते करून नाझरसाहेब अकोल्यास जठारपेठेत लेकीकडे गेले. कीर्ती त्यांच्या आधी पोहोचली होती. त्यामुळे विहीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे करण्यापूर्वी त्यांची बॅग परस्पर गच्चीवर उन्हात रवाना केली. लेक ओशाळली, नाझरसाहेबांना मात्र राग आला नाही, कारण कार्यपद्धती बिनचूक होती. चहा घेता घेता त्यांनी घरच्या हालहवालाबरोबर हाही एक विषय सहज काढला. ‘आमच्या इथं नाही बॉ, इवाईबुवा,’ विहीणबाई ठसक्यात म्हणाल्या, ‘अकोल्याच्या उन्हात कायचे ढेकून जगतात!’ नाझरसाहेबांनी मान डोलविली, कपबशी खाली ठेवली, खिशातली लग्नपत्रिकेची पट्टी दिवाणाच्या सांध्यातून अलगद फिरवून उजेडात धरली, आणि लाल फडक्याची गाठ सोडीत अत्यंत अदबीने पृच्छा केली, ‘वहिवाट किती वर्षांची म्हणून लिहू?’