चांदण्यात निवलेलं दूध

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानातला तिसरा अध्याय ऋतुचर्येचा. तो मी भर वैशाखात, धाराशिवला, वीज गेलेल्या दुपारी वाचायला घेतला. ग्रीष्मापाशी आल्यावर वाग्भटातला वैद्य जरा बाजूला सरकतो आणि कवी पुढे येऊन बसतो. तिखट, आंबट, खारट टाळा म्हणतो. गोड, हलकं, गार, पातळ घ्या म्हणतो. थंड पाण्यानं अंग भिजवून साखर घातलेला सातू चाटावा, पन्हं कोऱ्या मातीच्या भांड्यात गार करावं, पाण्याला पाटलाच्या फुलांचा नि कापराचा वास द्यावा. दुपारी कारंज्यांच्या घरात पडावं, रात्री गच्चीवर चांदण्यात बसावं आणि चंद्र-नक्षत्रांनी निववलेलं साखर घातलेलं म्हशीचं दूध प्यावं. कारंज्यापर्यंत वाचून झाल्यावर मी उठलो आणि टँकरचं पाणी संध्याकाळपर्यंत पुरेल का, ते हौदात वाकून बघून आलो.

ग्रंथात ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढाचा. आमच्याकडे तो दूरच्या पाहुण्यासारखा दोन महिने आधीच येऊन ओसरीवर पथारी पसरतो. आणि तिखट टाळायच्या नेमक्या याच दिवसांत आमच्या गावात वर्षाचं तिखट होतं. अंगणात मिरच्या वाळत पडतात, जणू कुणी आख्खी संध्याकाळच देठं खुडून उन्हात घातली आहे. मग कांडप सुरू झालं की आळी शिंकते, कुत्रीही शिंकतात. वाग्भटाला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. तो साधारण सातव्या शतकातला, आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून त्याच्यानंतर आठ-नऊशे वर्षांनी आली. त्याचं तिखट म्हणजे मिरी-पिंपळी. काळं तिखट घातलेल्या आमच्या आमटीचा एक भुरका त्यानं मारला असता, तर ग्रीष्मावर आणखी एखादा अध्याय नक्की लिहिला असता.

दही ग्रीष्मात खाऊ नये, असं त्याचं स्पष्ट मत आहे. आमची आज्जी मात्र ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायची, सकाळी शिजवून, लसूण-जिरं लावून त्याची आंबील करायची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, ऐन थंडीत हीच आंबील बिंदग्यात भरून शेतात जाते आणि हुडहुडी भरलेली माणसं ती वाटीवर वाटी पितात. तेव्हा आंबील उन्हाळ्याची की हिवाळ्याची, हा वाद आमच्याकडे कधी झालाच नाही. "उनाचं आलास, लेकरा. आदी आंबील पी, मग बोल," एवढाच आज्जीचा आयुर्वेद. शिवाय खिशात कांदा. शाळेच्या चड्डीला त्याचा वास असा मुरला होता, की परीक्षेतल्या चुकांनासुद्धा तो यायचा.

मातीच्या भांड्याबाबत मात्र दोघांचं पटलं असतं. आमचा माठ तेरच्या कुंभाराकडचा. गोरोबाकाकांचं गाव ते. आज्जी माठ टिचकी मारून निवडायची, कानाशी धरून ऐकायची, आणि न पटलेला परत ठेवताना त्याची माफी मागितल्यासारखा हात फिरवायची. नव्या माठाचं पहिलं पाणी पिताना पहिल्या पावसाचा वास यायचा. पाऊस तेव्हा दीड महिना लांब असायचा, ती गोष्ट वेगळी.

आणि वाग्भटाची गच्ची? ती आमच्याकडे होती, फक्त तिला माळवद म्हणायचे. दिवसभर तापलेली तिची माती संध्याकाळी पाणी शिंपडलं की रुसवा सोडल्यासारखी उसासायची, तरी मध्यरात्रीपर्यंत पाठीला चटके देत राहायची. आम्ही पोरं ओळीनं झोपायचो. उशाशी परातीत पाणी आणि त्यात दुधाचं पातेलं, वर ओलं फडकं. यात कसलं शास्त्र नव्हतं. घरात फ्रीज नव्हता आणि दूध नासू द्यायचं नव्हतं, इतकंच. दूध मात्र म्हशीचंच असायचं, आणि वर चंद्र-नक्षत्रंही हजर असायची.

एका उन्हाळ्यात दूध रोज चार बोटं कमी भरू लागलं. "मांजर लई द्वाड झालंय," आज्जी सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. दूध पिऊन झाल्यावर फडकं पुन्हा नीट बांधून ठेवणारं मांजर तिनं आयुष्यात पाहिलं नसणार, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही अंगावरची वाकळ डोक्यावर ओढून घ्यायचो.

मग एका रात्री, चंद्र कडुनिंबाच्या मागं गेल्यावर, मी नेहमीसारखं पातेलं तोंडाला लावलं. दूध गार होतं, आणि गोड होतं. तळाशी न विरघळलेली साखर जिभेला लागली. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, आणि आज्जी चहा गुळाचा प्यायची.