ग्रॅमोपाध्ये

पुण्यात पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या वाटेला लागणारा सायकलवाल्यांचा कुठलाही ग्रुप घ्या, त्यात एक ग्रॅमोपाध्ये असतोच. खरं आडनाव काही का असेना, ग्रुपने केलेलं बारसं हेच. वय पंचेचाळिशीचं, नोकरी हिंजवडीत, आणि कपाटात डिजिटल वजनकाटा. हा काटा मुळात वहिनींनी केकचा मैदा मोजायला आणला होता. आता त्यावर बोल्ट, सीटपोस्ट आणि बाटलीचा केज मोजला जातो. वहिनी केक अंदाजाने करतात.

एरवी हा माणूस महासंशयी. कुकर घेताना आयएसआयचा शिक्का झाकणावर पाहील आणि भांड्यावरही पाहील. अंगठीवरचा हॉलमार्क भिंगातून वाचेल. आंबेवाल्याकडे हापूस देवगडचाच असल्याचा पुरावा मागेल, आणि पुरावा दाखवला तर तोही उलटून पाहील. मात्र रात्री बाराला, घर झोपलं की हाच माणूस मोबाइलवर शेन्झेनमधल्या एका दुकानातून बिननावाचं कार्बन हँडल मागवतो. नामांकित कंपनीचं हँडल वीस हजारांच्या घरात. हे साडेतीन हजारांत, वर दोन बॉटल केज फुकट.

महिनाभराने पार्सल आलं. वर लिहिलेलं, 'स्पोर्ट्स टॉय'. आत फोममध्ये गुंडाळलेलं काळंभोर, मॅट हँडल. किती वजनाच्या माणसाला चालेल, बोल्ट किती आवळायचा, बनवलं कुणी, पत्ता काय, यातलं काही सांगणारा कागदाचा कपटाही नव्हता.

"कागद नाही म्हणजे तेवढं वजन कमी," ग्रॅमोपाध्ये म्हणाला. त्याने हँडल काट्यावर ठेवलं. जुन्या ॲल्युमिनियमच्या हँडलपेक्षा नव्वद ग्रॅम हलकं! हा आकडा त्या दिवशी ग्रुपवर चारदा आला.

यूसीआय ही सायकल शर्यतींची जागतिक संघटना. ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल ती रस्त्यावरच्या शर्यतीत उतरू देत नाही. या नियमाचा ग्रॅमोपाध्येला फार जाच होतो. त्याने आजवर एकही शर्यत केलेली नाही, पण नियम अन्यायाचा आहे म्हणजे आहे. गडाच्या पायथ्याशी दोन प्लेट कांदाभजी खात तो यावर पोटतिडकीने बोलतो. त्याची पाण्याची बाटली भरली की साडेसातशे ग्रॅम होते. पण पाण्याला ब्रँड नसतो, म्हणून त्यावर चर्चा होत नाही.

हँडल बसवायला तो पेठेतल्या सायकलवाल्या मामांकडे गेला. मामांची हयात पंक्चर काढण्यात गेली. कार्बन ते शिकले साठीनंतर. त्यांनी हँडल उजेडात धरलं, रुपयाच्या नाण्याने टोकापासून टोकापर्यंत टकटक केली. एके ठिकाणी आवाज बद्द आला. मामांनी तिथेच परत वाजवलं.

"साहेब, इथे आत काहीतरी पोकळ वाटतंय."

"मामा, टी-आठशे कार्बन आहे. जपानी धागा!"

"धागा जपानी असंल. चिकटवला कुणी?"

मुद्दा नेमका होता. कार्बनचं बळ नुसत्या धाग्यात नसतं. धाग्याचे थर कुठल्या दिशेने ठेवले, साच्यात दाब आणि उष्णता नीट मिळाली का, थरांमध्ये हवेचे बुडबुडे किंवा सुरकुत्या राहिल्या का, यावर सगळं ठरतं. वरून मात्र चांगलं आणि वाईट हँडल सारखंच दिसतं. कित्येकदा सुरेख विणकाम हा निव्वळ दिखाऊ थर असतो. धातू बहुतेक वेळा आधी वाकतो, कुरकुरतो. कार्बन आतून फाटत गेला तरी वरून शांत राहू शकतो आणि एका खड्ड्यावर ताडकन तुटतो. आता पुण्यात खड्डा शोधत जावं लागत नाही.

"अहो, सगळं एकाच कारखान्यात बनतं," ग्रॅमोपाध्ये म्हणाला. "दिवसा कंपनीचं नाव लावून, रात्री बिननावाचं."

"मग दिवसाच्या पाळीत नापास झालेलंच रात्री विकत नसतील कशावरून?"

यावर ग्रॅमोपाध्येने ठेवणीतलं अस्त्र काढलं. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर ऑस्ट्रेलियाच्या एका सायकलपटूचं हँडल ऐन शर्यतीत तुटलं आणि तो तोंडावर आपटला. "ऑलिम्पिकवाल्यांचं तुटतं, तर महागाचं घेऊन उपयोग काय?"

घटना खरी आहे. फक्त तिचा उत्तरार्ध तो सांगत नाही. त्या हँडलची रीतसर चौकशी झाली, अहवाल प्रसिद्ध झाला, चाचणी कुठे कमी पडली ते छापून आलं. चांगल्या कंपनीचं हँडलही तुटू शकतं, पण विक्रीआधी त्याचा नमुना यंत्रावर लाखभर वेळा दाबून-ओढून पाहिलेला असतो, दोष सापडला तर माल परत मागवला जातो, आणि भांडायला समोर कुणीतरी असतं. वीस हजारांतले बरेचसे पैसे या कुणीतरीचे असतात. ग्रॅमोपाध्येचं हँडल तुटलं, तर त्याने भांडायचं कुणाशी? तोपर्यंत त्या दुकानाने नाव बदलून छत्र्या विकायला घेतलेल्या असतील. आणि पुण्याच्या माणसाला भांडायला कुणी नसणं, हे दात पडण्याइतकंच दुःखाचं.

मामांनी हँडल बसवायला नकार दिला. ग्रॅमोपाध्येने ते घरीच बसवलं. असले बोल्ट साधारण पाच न्यूटन मीटरला आवळतात आणि त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. पण तो हँडलपेक्षा महाग निघाला, म्हणून त्याने मनगटाच्या अंदाजाने आवळलं. काट्यावर बोल्ट तोलणाऱ्या माणसाने आयुष्यात अंदाजाने केलेली ही एकमेव गोष्ट.

परवा ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या पोराने त्याला विचारलं, "काका, एक जण कार्बनचा फोर्क विकतोय. जुना आहे, पण स्वस्तात देतोय. घेऊ का?"

ग्रॅमोपाध्येने सायकल थांबवली, पाय टेकला, हेल्मेट काढलं. "मुळीच घेऊ नकोस. तो कुठे आपटलाय, आतून काय झालंय, कोण सांगणार? बिल आहे? कंपनीचा कागद आहे? ज्या वस्तूचा बाप माहीत नाही, तिच्यावर जीव टांगायचा नाही. लक्षात ठेव."

पोराची नजर हळूच काकांच्या हँडलकडे गेली. ग्रॅमोपाध्येच्या ते ध्यानात आलं.

"याचं वेगळं आहे," तो म्हणाला. "हे मी नवीन घेतलंय."