उत्तर उद्याच्या अंकात

कोडेकार महाशय,

आपलं नाव मला माहीत नाही. कोड्याच्या चौकटीखाली ते कधी छापत नाहीत, आणि का छापत नसावेत हे यंदाच्या लक्ष्मीपूजनाला मला नीट कळलं. तरीही दिवाळीच्या शुभेच्छा. उशिरा देतेय, पण उशिराचं आपल्याला वावडं नसावं.

त्या दिवशी पहिल्या पानावर, सोन्याच्या जाहिरातीच्या पायाशी, एक सूचना होती: लक्ष्मीपूजनानिमित्त कार्यालयास सुटी असल्याने उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही. आतल्या पानावर आपलं कोडं होतं, आणि त्याखाली नेहमीसारखंच ‘उत्तर उद्याच्या अंकात’. मी पहिलं पान पुन्हा उघडलं, आतलं पान पुन्हा उघडलं. कुठल्या उद्याच्या, महाराज?

कोडं तसं बाळबोध होतं. ‘टवंसुर’मधला सुरवंट चहा गार व्हायच्या आत निघाला. ‘गअंण’ तर आपण फुकटच वाटलंत. ‘अं’ला शब्दाच्या मधोमध बसवता येत नाही, त्यामुळे तो कुठेही लपवला तरी स्वतःच उठून पुढे येतो. चकमक, खातेवही, सावली, सगळं जमलं. मार्टिन नायडेल यांनी १९५४ साली अमेरिकन वर्तमानपत्रांत ‘जंबल’ सुरू केलं, तेव्हा त्यांच्या हाताशी सुटी इंग्रजी अक्षरं होती. सहा अक्षरी शब्द विस्कटला की ७२० मांडण्या. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी आपापल्या अक्षराला घेऊनच फिरतात, आणि चार अक्षरांच्या जेमतेम २४ होतात. हा दोष आपला नव्हे, बाराखडीचा. सोडून दिला.

घोळ होता शेवटच्या ओळीत. शब्दांमधली गोल केलेली आठ अक्षरं जुळवून चित्राखालची कोटी शोधायची. चित्रात कढई, कढईत चकल्यांचा भुगा, समोर पदर खोचलेली बाई आणि दारात शेजारीण. खाली प्रश्न: ‘मोहन कमी पडले, चकल्या तेलात विरघळल्या. शेजारीण काय म्हणाली?’ आठ अक्षरांच्या ४०,३२० मांडण्या होतात म्हणे, पण एकदा ‘चकली’ दिसली की ‘सुगरण’ मागोमाग येतेच. उरलं ‘ही’. आणि आठ घरं आपण आखली होतीत सलग, मध्ये फट म्हणून नाही! तिकडच्या जंबलमध्ये उत्तराच्या घरांमध्ये जागा सोडतात, शब्द कुठे संपला ते कळतं. कोटीच्या शब्दाला अवतरणचिन्हंसुद्धा लावतात. आपण त्या ‘ही’ला अधांतरी टांगलंत आणि सुटीवर गेलात.

घरात लगेच दोन तट पडले. नवऱ्याचं म्हणणं, ‘सुगरणही चकली’. सासूबाई म्हणाल्या, काहीतरीच, ‘सुगरण ही चकली’. भुगा झाला तरी चवीला खमंग असेल, शेजारीण नावाजतेय. तीच आठ अक्षरं, एकीकडे टोमणा आणि दुसरीकडे शाबासकी. पाडव्याच्या सकाळी दाराला लावलेली पेपरची पिशवी रिकामी. मी ओवाळायला बसले, तर कुंकू लावून घेता घेता हे म्हणतात, ‘आई, शेजारणी नावाजत नसतात.’ तबकातलं निरांजन विझेपर्यंत सासूबाई त्यांच्या चाळीतल्या शेजारणींची बाजू मांडत होत्या. ओवाळणीचं पाकीट यांच्या खिशातच राहिलं, ते मी संध्याकाळी मागून घेतलं.

(सोसायटीच्या ग्रुपवर एक निवृत्त बँक अधिकारी रोज सकाळी ‘सुटलं!’ एवढंच लिहितात आणि उत्तर सांगत नाहीत. त्यांना मी वेगळं पत्र लिहिणार आहे.)

भाऊबीजेला एकदाचा अंक आला. उत्तर होतं. उलटं छापलेलं, मुंगीएवढ्या टायपात: सुगरणहीचकली.

सलग!

आता गोडबोलेपणा पुरे. मोहन कमी पडलं तर चकली विरघळत नाही हो, कडक होते. मोहन जास्त झालं की ती तेलात विरघळते. एकदा जरी सोऱ्या हातात धरला असता, तर हे आपल्याला विचारावं लागलं नसतं. सोऱ्या धरायचा नाही, पण दर दिवाळीला कोटी मात्र कढईपुढच्या बाईवरच करायची. भाजणी भाजा, दळून आणा, पीठ मळा, घाणे काढा, डबे भरा, शेजारी ताटं पोचवा. मनगट धरून येतं, डोळ्यांत धूर जातो, आणि पेपरात हसायचं ते तिला. त्या चित्रात तिचा नवरा कुठे होता? बहुतेक कोडं सोडवत बसला असेल. बोनस आहे, फटाक्यांचा धूर आहे, गावी जायला न मिळालेलं रेल्वेचं तिकीट आहे. यातल्या कशावर आठ अक्षरं जुळली नसती? चिडचिड झाली माझी, खरंच झाली. त्या दिवशी चकलीला हात लावला नाही.

रात्री भांडी आवरताना मात्र वेगळंच मनात आलं. ‘उत्तर उद्याच्या अंकात’ ही ओळ आपण लिहीतही नसाल. ती पानाच्या साच्यातच बसलेली असणार. कोडी आपण आठवड्याची एकदम पाठवत असाल. घरांमधली जागा आपण कदाचित सोडलीही असेल, आणि जाहिरातीला जरा रुंदी हवी म्हणून रात्री कुणीतरी ती खाल्ली असेल. मानधनाचं विचारत नाही, सणासुदीला नको तो विषय. वर्षातून मोजक्याच रात्री पेपरचा छापखाना थांबतो, त्यातली एक आपल्याही वाट्याला येत असेल, तर ती खुशाल घ्या. घरच्यांबरोबर फराळ करा. सुटीबद्दल माझी तक्रार नाही.

एवढंच करा: ज्या दिवशी उद्याचा अंक नाही, त्या दिवशी उत्तर त्याच अंकात द्या, शेवटच्या पानावर, उलटं का होईना. आणि मध्ये जागा सोडून.

सासूबाई सध्या भावाकडे गेल्यात, रविवारी परत येतील. तोवर या कोड्याचा एका ओळीचा खुलासा छापता आला तर बघा. दोन्हींपैकी कोणता अर्थ, असं मला विचाराल तर ‘सुगरण ही चकली’ छापा. आपल्या मनात तो नसला तरी चालेल. पाडवा होऊन गेलाय, नवरा सोसेल.

आपली,
पेन्सिलीने कोडं सोडवणारी एक वाचक