केराचा आठवडा

आमच्या दारावर ती पाटी पहिल्यांदा टांगलेली दिसली, तो सोमवार होता. वीतभर लाकडी फळी, कोपऱ्यात रंगवलेली एक केरसुणी आणि मध्ये एकच लांबलचक शब्द. श्टुटगार्टला येऊन आम्हाला जेमतेम पाच आठवडे झाले होते. न कळणारा कुठलाही जर्मन मजकूर म्हणजे दंडाची नोटीस, असं मी तेव्हा धरूनच चालायचे. नवऱ्याने शब्द मोठ्याने वाचला, “केरवोखे.”

“परत वाच,” मी म्हटलं.

वोखे म्हणजे आठवडा, एवढं भाषेच्या वर्गात झालं होतं. आणि ‘केर’ मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मालवणात तिन्हीसांजेच्या आत तो काढला नाही तर आजी काय बोलायची, तेही आठवत होतं. जर्मनमध्ये ‘केरेन’ म्हणजे झाडणे. त्या क्रियापदाचं आपल्या केराशी काही नातं आहे की नुसतीच गंमत, ते भाषापंडितांनी ठरवावं. डिक्शनरी न उघडता मला कळलेला तो पहिला जर्मन शब्द.

श्टुटगार्ट ज्या भागात येतं तो श्वाबियन लोकांचा मुलूख. काटकसर, कष्ट आणि झाडलोट यांसाठी हे लोक बाकीच्या जर्मनीत प्रसिद्ध आहेत आणि त्यावरून त्यांची थट्टाही होते. 1492 मध्ये, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, इथल्या एबरहार्ड नावाच्या काउंटने शहराचे नियम घालून दिले, आणि प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला हलवावी असं त्यांत बजावलं. केरवोखेचं मूळ तिथे सांगतात. नगरपालिकेने तिची सक्ती 1988 मध्ये उठवली. भाडेकरारातून आणि शेजाऱ्यांच्या नजरेतून मात्र ती उठलेली नाही. आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं, म्हणून दर सहा आठवड्यांनी पाटी आमच्या दारावर येते. त्या आठवड्यात सामाईक जिना, तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि पुढचा फूटपाथ आपण झाडायचा. थंडीत बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी 7 च्या आत फूटपाथ मोकळा हवा. रविवारी रात्री पाटी पुढच्या दारावर लटकवायची की सुटलो.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. फोनवर आमचं मालवणीच चालतं. मी घाईत होते. म्हटलं, “आये, मगे बोलूया. ह्या आठवड्यात आमची पाळी आसा.”

पलीकडे बराच वेळ शांतता.

“आमची म्हंजे?” आईने जपून विचारलं.

त्याआधीचे पाच आठवडे आम्ही पाहुणे होतो. तेही विचित्र पाहुणे. इथे भाड्याचं घर म्हणजे बहुतेक वेळा नुसती जागा. स्वयंपाकघर दाखवताना घरमालकाने एका भिंतीकडे हात केला. भिंतीतून दोन नळांची तोंडं बाहेर आलेली. ओटा, सिंक, कपाटं भाडेकरूने आणायची आणि जाताना घेऊन जायची. दिव्यांच्या जागी छतातून वायरी लोंबत होत्या. ‘बिऱ्हाड पाठीवर’ हा वाक्प्रचार इथे ओट्यासकट खरा आहे. महिनाभर मी खिडकीच्या कट्ट्यावर इंडक्शन शेगडी ठेवून बटाट्याची भाजी केली.

दुसरी अडचण घंटीची. इथल्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतोच. घंटीवर आणि टपालपेटीवर आडनाव असतं, आणि ते नसेल तर तुम्हीही नसता. पोस्टमन पत्र परत नेतो. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो. तो आम्ही नोंदवला, शिक्का मिळाला, आणि बँकेचं कार्ड तीनदा परत गेलं. कारण घंटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं आडनाव होतं. शेवटी घरमालकाने आमच्या आडनावाची पट्टी करून आणली. ‘कर’ लावलेलं आमचं लांबलचक आडनाव त्या पट्टीत मावेना, तेव्हा त्याने अक्षरं बारीक केली, पण एकही गाळलं नाही. कोकणातलं एक गाव तेव्हापासून श्टुटगार्टच्या त्या दारावर आहे.

भाषेला मी फार घाबरले होते. तिथे मात्र मराठी धावून आली. वर्गातला ब्राझीलचा मुलगा ‘पाच-आणि-वीस’ हा आकडा ऐकून कपाळाला हात लावायचा. आधी एकक आणि मग दशक, हा काय प्रकार? मी पंचवीस, पस्तीस म्हणतच लहानाची मोठी झालेली. नामांना तीन लिंगं आहेत म्हटल्यावर सगळा वर्ग हळहळला. तो, ती, ते करणाऱ्या माझा श्वासही अडखळला नाही. ‘मुलगी’ हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, यावर तर बंडच झालं. मला आजीची हाक ऐकू आली, “ता चेडू खंय गेला?” आमच्या मालवणीत चेडू नपुंसकलिंगीच.

घड्याळाने मात्र फसवलं. नवऱ्याला कुणीतरी ‘अर्धा तीन’ला भेटायला बोलावलं. तो साडेतीनला पोचला. माणूस तासभर वाट बघून निघून गेलेला. ‘अर्धा तीन’ म्हणजे तिसऱ्या तासातला अर्धा, म्हणजे अडीच. तो चिडला, पण मला ते तर्कशुद्ध वाटलं. आपला ‘अडीच’ तरी कुठून आला? ‘अर्धतृतीय’मधून. तिसरा अर्धा. श्वाबियन लोक तर पावणेतीनला ‘पाऊण तीन’ म्हणतात. ज्याने शाळेत पावकी-निमकी ऐकली आहे त्याने इथल्या घड्याळाला भिऊ नये.

तळमजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. इमारतीचा कायदा त्यांच्या डोक्यात आहे. काच टाकायची ती पांढरी, तपकिरी, हिरवी अशी निवडून, आणि रविवारी मुळीच नाही, आवाज होतो. रविवारी दुकानं बंद, भिंतीत ड्रिल मारणं बंद. एका रविवारी मी सोलकढीसाठी मिक्सर लावला. भारतातून आणलेला, पिन बदलून चालू केलेला. दोन मिनिटांत आजी दारात.

“रविवारी भिंतीला भोक पाडत नाहीत,” त्या शांतपणे म्हणाल्या.

मी त्यांना आत नेऊन भोक दाखवलं. म्हणजे भांडं दाखवलं. त्यांनी आत वाकून बघितलं, पांढऱ्या दुधाचा वास घेतला आणि म्हणाल्या, “खाली टॉवेल घाल. चौपदरी.” तेव्हापासून आमचा मिक्सर टॉवेलवर बसतो. शनिवारीही.

त्यांनीच माझा पहिला जिना तपासला होता. मी वरून खाली झाडत आले होते, पाणी मारलं होतं, अगदी मान वर करून उभी होते. आजींनी कठड्याखालच्या पट्टीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. समुद्र कितीही ओलांडले तरी सासू एकच असते.

पण राग आला नाही. पाहुण्याला कुणी केर काढायला सांगत नाही. गावी देवळातली पाळी घराघराला वाटून दिलेली असते. मुंबईकर चाकरमानी सुट्टीला आला तर त्याला प्रसाद मिळतो, पाळी मिळत नाही. ज्याची पाळी असते तो गावचा. आमच्या व्हिसावर शिक्का होता, पत्त्यावर शिक्का होता, घंटीवर आडनाव होतं. तरी आम्ही इथले झालो ते पाटी दारावर लटकली त्या सोमवारी. त्या पाटीने आमची भाषा तपासली नाही की पगार विचारला नाही. सहा दारं मोजली आणि सहाव्यावर येऊन थांबली.

परदेशी स्थिरावणं म्हणजे काय, हे मला हल्ली फार विचारतात. थंडीची सवय, पावाची सवय, एकटेपणाची सवय, असं काहीतरी उत्तर लोकांना हवं असतं. या सवयी लागतात, नाहीही लागत. मला अजून इथला काळा पाव आवडत नाही.

यंदा गणपतीला मालवणला जायचं ठरलं. नवरा विमानाच्या तिकिटांचे भाव बघत होता, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा-सहा आठवडे मोजत होते. नेमकी चतुर्थीच्याच आठवड्यात आमची पाळी. खाली जाऊन आजींना विचारलं, अदलाबदल कराल का? त्यांनी आपली वही काढली, चष्मा लावला, आणि आमच्या नावापुढे रेघ मारून स्वतःचं नाव लिहिलं. बदल्यात डिसेंबरातला त्यांचा आठवडा माझ्याकडे आला.

तिकीट त्यानंतर काढलं. आईला तारीख कळवली. डिसेंबरात बर्फ पडला तर सकाळी 7 च्या आत फूटपाथ मला मोकळा करायचा आहे.