रविवारची मिसळ आणि झोक्याचे पैसे

अहो वहिनी, पाणी घालून झालं ना झाडांना? मग या जरा इकडे, कढीपत्त्यापाशी. तिथून ऐकू जात नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाहीये. काल सकाळी आम्ही सगळे मिसळीला गेलो होतो, मखमलाबादच्या बाजूला, तर तिथं कोण दिसावं? तिसऱ्या बंगल्यातली धाकटी! सोबत आई, वडील, मामा. समोर एक चष्मेवाला मुलगा आणि त्याचे आईवडील. म्हणजे सरळसरळ बघण्याचा कार्यक्रम. सकाळी नऊ वाजता, द्राक्षाच्या मळ्यात! मी आपली मान वळवून पापडाकडे बघत बसले. पण कान कुठे वळवणार?

मुलगा काय करतो ते नाही कळलं, तेवढ्यात मागच्या टेबलावर कुणाचं तरी पोर पडलं झोक्यावरून. पण बाकीचं सांगते. मिसळ आली तशी मुलानं आधी दह्याची वाटी उपडी केली त्यात. सगळी! आणि आपली पोरगी? तिनं वाढणाऱ्याला तीनदा हाक मारली, ‘दादा, तर्री.’ मुलाची आई नुसती बघत होती. आता पसंती आली की नकार आला ते आपल्याला गुरुवारपर्यंत कळेलच, कामाला येणाऱ्या मावशी दोन्हीकडे एकच आहेत.

मला मात्र वेगळंच वाटलं हो. आपल्या वेळी असला कार्यक्रम म्हटला की आईची आदल्या रात्रीपासून धांदल. पोहे चाळा, नारळ खवा, वरून शिरा. आणि काल तिची आई इस्त्रीची साडी नेसून, हातावर हात ठेवून बसली होती. पाहुण्यांना विचारत होती, ‘अजून पाव मागवू का?’ बास, एवढंच काम.

तुम्ही नाशकात नंतर आलात, तुम्हाला पूर्वीचं माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मिसळ ही पुरुषांची गोष्ट होती. म्हणजे बायका खायच्या नाहीत असं नाही. घरी करायच्या, उरलेल्या उसळीची करायच्या. पण हॉटेलात जाऊन मिसळ खाणारी बाई? जुन्या गावात भगवंतराव, पंचवटीत अंबिका, सातपूरला शामसुंदर, ही नावं मी ह्यांच्या आणि दिरांच्या तोंडूनच ऐकली. सातपूरला तर कंपन्यांच्या पाळ्या सुटल्या की माणसं तशीच यायची, डबा लटकवलेली सायकल भिंतीला टेकवायची, बाकावर मांडीला मांडी लावून बसायची आणि खाऊन चालती व्हायची. खाणाऱ्याच्या पाठीशी पुढचा माणूस उभाच. त्याची नजर तुमच्या शेवटच्या पावावर. असल्या ठिकाणी बाईनं कुठं बसायचं? काही हॉटेलांत पडदा लावलेली फॅमिली रूम असायची, पण तिथं डोसा, कॉफी, आइस्क्रीम. मिसळ बाहेरच्या बाकांवरच राहिली.

मग आम्हाला यायचं ते पार्सल. ह्यांच्या हातात स्टीलची किटली, तिच्यात रस्सा. वर्तमानपत्रात फरसाण, पाव कॅरीबॅगमध्ये. घरी येईपर्यंत रस्सा कोमट. मग तो गरम करायचा कुणी? मीच. कांदा चिरायचा, लिंबं कापायची, सहा जणांच्या ताटल्या मांडायच्या आणि नंतर तर्रीनं लाल झालेलं पातेलं घासत बसायचं. ह्याला म्हणायचं ‘आज स्वयंपाकाला सुट्टी’!

हे शेतातल्या मिसळीचं वेड आलं ना, त्याला मी पहिल्यांदा खूप नावं ठेवली होती. अजूनही ठेवते. काय ते बैलगाडीचं चाक भिंतीला टांगलेलं, काय ते कंदील, काय तो सेल्फीसाठी ठेवलेला नांगर! नांगर हो! शेतकऱ्यांच्या पोरांनी नांगरापाशी फोटो काढायचे आणि तेही पाठमोरे उभे राहून. हे म्हणतात, मळ्यात जाऊन बसायची चटक वाइनवाल्यांनी लावली. सुलाची पहिली वाइन 2000 साली निघाली, मग गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबईच्या गाड्यांची रांग लागायला लागली. आपल्या लोकांनी म्हटलं, त्यांना वाइन तर आम्हाला मिसळ. असेलही. बागायतदाराचंही बरोबर आहे म्हणा. द्राक्षाचं काय, ऐन तयारीच्या वेळी अवकाळी आला, गारा पडल्या की वर्षभराचा खर्च मातीत. मटकीला गारांचं भय नाही.

आता हार्देव बागेतल्या साधनाची चुलीवरची मिसळ घ्या. तिच्यामुळे ‘चुलीवरची’ हा शब्द इतका चालला की आता ज्याच्या दारात दोन विटा आणि धूर, तो चुलीवरचा. चहा चुलीवरचा, आइस्क्रीमसुद्धा चुलीवरचं म्हणतील एक दिवस. हसू नका, खरंच म्हणतील.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बाहेर बसून मिसळ खाल्ली ती असल्याच एका मळ्यात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. गल्लीतल्या त्या बाकांवर त्यांना कोण बसवणार होतं? इथं आंब्याखाली बाज होती. त्यावर पाय वर घेऊन बसल्या, पदर सावरला, नातवानं ताट मांडीपाशी ठेवलं. मी बघतेय की आता म्हणतील तिखट आहे, सोसत नाही. कसलं काय! चमच्यानं फक्त रस्सा चाखला आणि म्हणाल्या, ‘मसाला चांगलाय, खोबरं नीट भाजलंय. पण मटकीला मोड आणून शिजवायची घाई केलीये.’ वाढणारा पोरगा गार! मग स्वतः मालक आला विचारायला. दोघांचं काळ्या मसाल्यावर इतकं बोलणं झालं, कांदा उन्हात किती वाळवायचा, दगडफूल केव्हा घालायचं, की आमची जिलबी येऊन गार झाली. ह्या बाईंनी पन्नास वर्षं मसाला कांडला, पण घराबाहेरच्या माणसानं त्यांचं मत विचारायची ती पहिली वेळ. घरी आम्ही तर विचारतच नाही, आम्ही नुसतं मीठ कमी आहे म्हणतो.

म्हणून मी म्हणते, मिसळ तीच आहे, पैसे झोक्याचे आहेत. आणि झोका आमच्यासाठी आहे. नंबर लागेपर्यंत तासभर बसावं लागतं, पोरं मातीत खेळतात, पुरुष फोनवर, आणि आम्ही बायका झोक्यावर बसून कोण कुणाबरोबर आलंय ते बघतो. खाणं पंधरा मिनिटांचं. त्या पंधरा मिनिटांचे शंभराच्या वर कोण देईल? त्या तासाचे देतो आपण.

नणंदबाईंना हे पटत नाही. त्या कोल्हापूरच्या झाल्या ना आता, मग तिकडचंच खरं. दिवाळीत आल्या होत्या, नेलं हौसेनं. ताट बघितलं आणि पहिला प्रश्न, ‘पाव? ब्रेड नाही?’ त्यांच्याकडे जाड स्लाइस असतो, कटात बुडवला तरी आकार धरून राहतो, असं त्यांचं म्हणणं. वरून आपल्या पापडाला हसल्या. म्हणे हे काय लग्नाचं जेवण आहे का! त्यावर आमचा पुण्याचा पुतण्या बोलला, मिसळीत पोहे नाहीत म्हणजे ही नुसती उसळ झाली. तो बेडेकरांच्या मिसळीवर वाढलेला, नारायण पेठेतल्या. तिथं रस्सा गोडसर, आणि वर ऐट किती! मी म्हटलं, बाबा, तुझ्या नागपूरच्या मित्राला विचार, ते पोह्यांवरच तर्री ओततात, म्हणजे त्यांनी तुमची मिसळ उलटी केली. मग काय, तिघांची जुंपली. दादरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 साली लंडनमध्ये बक्षीस मिळालं, जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून, तेही त्यानं काढलं. नणंदबाई म्हणाल्या, परीक्षकांना कोल्हापूरचं तिकीट कुणी काढून दिलं नसेल. ह्यावर कुणाला बोलता आलं नाही.

बरं, बिलाची गंमत ऐका. कोपऱ्यावरचे रिटायर्ड साहेब, तेही काल आमच्याबरोबर होते. गाडीतच सुरुवात, ‘आज बिल माझं हं, कुणी हात घालायचा नाही.’ तिथं उतरल्यावर पुन्हा, ‘आज माझं.’ जिलबीची ऑर्डर दिली ती पण त्यांनी, अर्धा किलो. आणि वाढप्या बिल घेऊन वळला तसे साहेब हात धुवायला! आणि हात किती वेळ धुतो हो तो माणूस! आम्ही पैसे देऊन, बडीशेप खाऊन गाडीपाशी आलो तेव्हा रुमालाला हात पुसत आले. ‘अरे, दिलंत तुम्ही? छे छे, हे काही बरोबर नाही.’ त्यांच्या मिसेसचा चेहरा बघवत नव्हता. त्या बिचाऱ्या दर वेळी दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काहीतरी करून पाठवतात. आज सकाळीच अनारसे आलेत, या घ्यायला. मी म्हणते, त्यांच्या हातच्या अनारशांपुढे मिसळीचं बिल स्वस्त.

आमच्या लेकीला मात्र बिल आलं की वकील अंगात येतो. मागच्या महिन्यात तिच्या बाबांच्या वाढदिवसाला मोठ्या एसी हॉटेलात गेलो होतो. नाव नको. पनीर, नान, एक सूप दोघांत. बिलात खाली बारीक अक्षरांत दहा टक्के सर्व्हिस चार्ज. ती म्हणाली, काढा. मॅनेजर म्हणाला, आमची पॉलिसी आहे. मग हिनं सुरू केलं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा 2022 च्या जुलैचा नियम, बिलात आपणहून लावायचा नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच धरलं. मॅनेजरनं मुकाट्यानं नवीन बिल आणलं. तेवढ्यात ह्यांना जोर चढला. ‘मग पाण्याच्या बाटलीचेही छापील किमतीपेक्षा जास्त लावलेत, तेही काढा!’ तर लेक म्हणते, बाबा, बसा. ते सुप्रीम कोर्टानं 2017 सालीच हॉटेलवाल्यांच्या बाजूनं ठरवलंय. हे जे गप्प बसले ते घरी येईपर्यंत. आणि तिनं त्या वाढणाऱ्या मुलाच्या हातात वेगळे शंभर रुपये ठेवले. म्हणाली, ह्याला द्यायला माझी ना नाही, पण ते मालकानं माझ्या खिशातून परस्पर काढायचे नाहीत. ते मला आवडलं.

तिनंच एक शिकवलंय, तुम्हीही बघत जा. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के, अडीच-अडीच असा दोन ओळींत लिहिलेला असतो. 2017 च्या नोव्हेंबरपासून एसी असो नसो, तेवढाच. पण काही छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात, त्यांना तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेताच येत नाही, मालकानं स्वतःच्या धंद्यातून भरायचा. तसं बिलावर छापावंही लागतं. तेव्हा बिलावर जीएसटी नंबर नाही, पण पाच टक्के लावलेत, असं दिसलं तर नुसतं गोड आवाजात विचारायचं. भांडायचं नाही. एका ठिकाणी आम्ही विचारलं, तर गल्ल्यावरच्या माणसानं काही न बोलता तेवढे पैसे परत दिले आणि वर एक खवापोळी बांधून दिली. आम्ही घेतली. का घेऊ नये?

आणि हो, ज्याच्यासाठी तुम्हाला थांबवलं ते राहिलंच. पुढच्या भिशीचं. माझ्या घरी आहे, पण मी काही करत नाहीये यंदा. साबुदाणा वडे नाहीत, कटलेट नाहीत, काही नाही. अकरा जणींना घेऊन सरळ मिसळीला जायचं, कालच्याच ठिकाणी. पैसे ज्याचे त्याने, म्हणजे कुणाला हात धुवायला पळावं लागणार नाही. दोन गाड्या लागतील. एक आमची, आणि दुसरी तुमचा पुतण्या चालवेल ना? त्याला सांगा, आम्ही दहाला निघू, पण त्यानं आठलाच स्कूटरवरून पुढं जाऊन नंबर लावायचा, मग परत येऊन गाडी काढायची. बदल्यात त्याची मिसळ माझ्याकडून. आणि त्या तिसऱ्या बंगल्यातल्या बाईंना पण बोलवू या का? म्हणजे गुरुवारपर्यंत थांबायला नको.